शेअरपॉइंट २०१९ : अर्ध्या लोकांनाच येणारी त्रुटी, शोधाचा क्रम आणि उपयोगी साधने

शेतमजूर

नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या एका उत्पादन कंपनीत मी शेअरपॉइंट सर्व्हर २०१९ चा (दस्तऐवज आणि याद्या सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीचा) फार्म, म्हणजे मिळून काम करणाऱ्या सर्व्हरांचा समूह, सांभाळतो. (घरी अजूनही ‘फार्म’ म्हटले की आजी पाऊसपाण्याची चौकशी करते, म्हणून हे सदस्यनाव.) फार्ममध्ये दोन वेब फ्रंट एंड (लोकांना पाने देणारे वेब सर्व्हर), ॲप्लिकेशन आणि सर्च यांसाठी मिळून एक सर्व्हर आणि डेटाबेससाठी एक एसक्यूएल सर्व्हर असून पुढे विनंत्या दोन वेब सर्व्हरांत वाटणारा लोड बॅलन्सर आहे. महिन्याचा पॅच तिन्ही शेअरपॉइंट सर्व्हरवर बसवला, प्रत्येकावर कॉन्फिगरेशन विझार्ड चालवला आणि तो सगळीकडे यशस्वी झाला. त्यानंतर सहा दिवस काहीही घडले नाही.

सातव्या दिवसापासून मात्र तक्रारी सुरू झाल्या. पान उघडते, यादी दिसते, दस्तऐवजही उघडतो. पण जुन्या धाटणीच्या पानावरचा अर्ज भरून ‘जतन करा’ दाबले की काहींना ‘काहीतरी चुकले’ असे सांगणारे पान आणि त्याखाली कोरिलेशन आयडी, म्हणजे त्या विनंतीचा ओळख-क्रमांक, दिसतो. तोच माणूस पुन्हा प्रयत्न करतो तेव्हा अर्ज कधी जतन होतो, कधी होत नाही. खात्री करण्यासाठी मी दुसऱ्या वेब सर्व्हरवर रिमोटने जाऊन तिथल्याच ब्राउझरमध्ये साइट उघडली, तर तीन वेळा पासवर्ड विचारून शेवटी ४०१, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा संकेत, आला. त्यामुळे मला प्रमाणीकरणाचा दोष वाटला आणि दोन दिवस मी केर्बेरॉसच्या (ओळख पटवण्याच्या पद्धतीच्या) नोंदी तपासण्यात घालवले. आयआयएस (विंडोजची वेब सर्व्हर सेवा) रिसेट केले, ॲप्लिकेशन पूल पुन्हा सुरू केले, पण फरक पडला नाही. आता काय पाहावे?

लॉगवाचक

शेतमजूर, आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र धरल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

सर्व्हरवर बसून त्याच सर्व्हरवरची साइट पूर्ण नावाने उघडली की तीनदा पासवर्ड आणि मग ४०१ येणे, हा विंडोजच्या लूपबॅक तपासणीचा परिणाम आहे. सर्व्हर स्वतःलाच वेगळ्या नावाने हाक मारतो आहे असे दिसले की विंडोज ती विनंती सुरक्षेच्या कारणाने नाकारते. ही वागणूक आपल्याकडे पॅचच्या आधीही असणार. आपण तिथून साइट उघडून पाहिली नव्हती, एवढेच. पुढेमागे ती सोडवायचीच असेल, तर रजिस्ट्रीत ‘बॅक-कनेक्शन-होस्ट-नेम्स’ या नोंदीत साइटचे नाव लिहावे. लूपबॅक तपासणी सरसकट बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, पण उत्पादन सर्व्हरवर मी तो कधीच मानत नाही. सध्या हा विषय बाजूला ठेवा, आपल्या लोकांच्या त्रुटीशी त्याचा संबंध नाही.

आता खरी त्रुटी. ‘कधी होते, कधी होत नाही’ हे लोड बॅलन्सरमागच्या फार्ममध्ये ऐकले की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या सर्व्हरवर होत नाही? ते शोधायला सर्व्हरवर जाऊ नका. आपल्या स्वतःच्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (कोणते नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचे ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) साइटचे नाव आधी पहिल्या वेब सर्व्हरच्या आयपीला बांधा आणि पाच-सहा वेळा अर्ज जतन करून पाहा. मग दुसऱ्याला बांधून तेच करा. काम झाले की ती ओळ आठवणीने काढा, नाहीतर महिन्याभराने ‘फक्त माझ्याच मशीनवर’ येणारी नवी तक्रार आपण स्वतःच नोंदवाल.

दुसरे काम कोरिलेशन आयडीचे. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कच्या भागात पाहिले, तर उत्तराच्या हेडरमध्ये ‘एसपी-रिक्वेस्ट-गाइड’ या नावाने तोच आयडी मिळतो. म्हणजे त्रुटीचे पान दिसले नाही तरी विनंती ओळखता येते. तो घेऊन शेअरपॉइंट मॅनेजमेंट शेलमध्ये ‘मर्ज-एसपीलॉगफाइल’ ही आज्ञा चालवा. ती फार्ममधल्या सर्व सर्व्हरांच्या यूएलएस लॉगमधून (शेअरपॉइंटच्या स्वतःच्या नोंदींमधून) त्या आयडीच्या ओळी एका फाइलीत गोळा करते. सुरुवातीची वेळ दिली नाही तर ती फक्त मागच्या तासाभराच्या नोंदी पाहते, हे ध्यानात असू द्या. सकाळचा आयडी दुपारी शोधून ‘काहीच नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मिळालेली फाइल यूएलएस व्ह्यूअरमध्ये उघडून ‘अनपेक्षित’ आणि ‘गंभीर’ पातळीच्या ओळी आधी वाचा. नोटपॅडमध्ये यूएलएस वाचणे म्हणजे रद्दीच्या दुकानात एक पावती शोधणे आहे.

आणि कृपया आयआयएस रिसेट करणे थांबवा. त्याने पुरावा जात नाही, पण सगळ्यांना पुन्हा थंड पाने उघडावी लागतात आणि तक्रारींची संख्या फुगते.

क्लाउडकर

आम्ही तीन वर्षांपूर्वी शेअरपॉइंट ऑनलाइनवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, गेलो, त्यामुळे यूएलएसशी आमचा संबंध संपला. तिथे सर्व्हरचा लॉग आपल्या हाती नसतोच. सर्व्हिस हेल्थचे पान पाहायचे, मेसेज सेंटर वाचायचे, आणि कोरिलेशन आयडी द्यायचा तो मायक्रोसॉफ्टच्या मदत कक्षाला. २०१९ या आवृत्तीचा आधार संपण्याची तारीख १४ जुलै २०२६ आहे, याची आठवण वरिष्ठांना लेखी करून द्यावी, असे सुचवतो.

लॉगवाचक

क्लाउडकर, तारखेचा मुद्दा मान्य. पण आज ज्यांचा अर्ज जतन होत नाही त्यांना स्थलांतराची योजना सांगून भागणार नाही.

शेतमजूर

सांगितल्याप्रमाणे केले आणि गोंधळ वाढला. होस्ट्स फाइलीने पहिल्या सर्व्हरला बांधले तेव्हा वीसपैकी वीस वेळा अर्ज जतन झाला. दुसऱ्याला बांधले, तरीही वीसपैकी वीस वेळा जतन झाला! बांधणी काढून लोड बॅलन्सरमधून गेलो, तर सातव्या प्रयत्नाला त्रुटी आली. म्हणजे दोन्ही सर्व्हर सुटे असताना ठीक आहेत आणि एकत्र आले की बिघडतात.

त्या सातव्या प्रयत्नाचा आयडी लगेच घेतला आणि सुरुवातीची वेळ देऊन मर्जची आज्ञा चालवली. फाइलीत त्या आयडीची एकही ओळ नाही. पुन्हा एक त्रुटी आणली, पुन्हा आज्ञा चालवली, पुन्हा फाइल रिकामी. आयडी लिहून घेण्यात चूक नाही, कारण मी तो कॉपी करून घेतला आहे.

एसक्यूएलची_मावशी

मी मूळची डेटाबेसवाली असल्याने सवयीने आधी माझ्या घरात शोधते. कमाल समांतरता (एका कामासाठी एसक्यूएल सर्व्हर एकाच वेळी किती प्रोसेसर वापरेल तो आकडा) १ आहे ना? शेअरपॉइंटला ती १ च लागते. यादीत ५,००० पेक्षा जास्त नोंदी झाल्या आहेत का? ही मर्यादा शेअरपॉइंटवाल्यांनी हौसेने घातलेली नाही. साधारण तेवढी कुलुपे जमली की एसक्यूएल सर्व्हर ओळीओळीला कुलूप लावण्याऐवजी अख्ख्या तक्त्यालाच लावतो आणि बाकीचे सगळे दाराबाहेर ताटकळतात. त्यामुळे मर्यादा वाढवण्यापेक्षा गाळणीच्या स्तंभावर इंडेक्स करावा.

पण हे सगळे लिहून झाल्यावर आपला प्रयोग पुन्हा वाचला आणि माझे मत बदलले. डेटाबेस दोन्ही वेब सर्व्हरांना एकच आहे. तो दोषी असता तर होस्ट्स बांधून केलेल्या चाळीस प्रयत्नांत एकदा तरी दिसला असता. दोष दोन वेब सर्व्हरांमधल्या फरकात आहे.

आता रिकाम्या फाइलीबद्दल. लॉग गोळा करणारी ती आज्ञा प्रत्येक सर्व्हरवरच्या टायमर सर्व्हिसकडून (शेअरपॉइंटची नेमलेली कामे मागे चालवणाऱ्या सेवेकडून) काम करून घेते. एखाद्या सर्व्हरवर टायमर बंद पडला असेल, तर तिथल्या ओळी येणारच नाहीत आणि आज्ञा त्याची बोंबही ठोकणार नाही. शिवाय त्या सर्व्हरने लॉग लिहिणेच थांबवले असेल, तर टायमर चालू असूनही गोळा करायला काही नाही. दोन्ही वेब सर्व्हरांवर तीन गोष्टी पाहा : सी ड्राइव्हवर जागा किती उरली आहे, टायमर सर्व्हिस चालू आहे का, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉगमध्ये एएसपी डॉट नेटच्या इशाऱ्यांत काय आहे. शेअरपॉइंटचा लॉग मुका झाला तरी विंडोजचा सहसा बोलतो, कारण त्याची जागा आधीपासून राखलेली असते आणि तो जुन्या नोंदींवर नव्या लिहितो.

शेतमजूर

मावशी, साष्टांग नमस्कार. दुसऱ्या वेब सर्व्हरच्या सी ड्राइव्हवर उरलेली जागा शून्य आहे. टायमर सर्व्हिस थांबलेली आहे. शेवटचा यूएलएस लॉग आठ दिवसांपूर्वीचा असून तो अर्धवट आहे. लॉगच्या फोल्डरने एकट्याने सत्तर जीबीपेक्षा जास्त जागा खाल्ली आहे. पहिल्या सर्व्हरचा सी ड्राइव्ह मोठा असल्याने तिथे तग धरला गेला. नोंदींची पातळी जवळजवळ सर्व विभागांसाठी ‘व्हर्बोज’वर, म्हणजे बारीकसारीक सगळे लिहिण्यावर, आहे. ती कोणी केली, ठाऊक नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १३१६ क्रमांकाचे इशारे ओळीने आहेत. आत इव्हेंट कोड ४००९ आणि व्ह्यूस्टेटची (पानासोबत जाणाऱ्या त्याच्या अवस्थेची) पडताळणी अयशस्वी झाली, असा मजकूर आहे. वेळा तक्रारींच्या वेळांशी जुळतात. असेच थोडे इशारे पहिल्या सर्व्हरवरही आहेत.

लॉगवाचक

आता चित्र पूर्ण झाले. एकच प्रश्न : सातव्या दिवशी, किंवा आदल्या रात्री, मशीन की (सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या) बदलल्या होत्या का?

शेतमजूर

होय. जुलै २०२५ च्या टूलशेल प्रकरणापासून (शेअरपॉइंट सर्व्हरवरच्या हल्ल्यांपासून) आमच्या सुरक्षा विभागाने मशीन की ठरावीक काळाने बदलण्याचा नियम केला आहे. त्या रात्री मीच बदलल्या. आज्ञेने कोणतीही त्रुटी दाखवली नव्हती, म्हणून पहिल्या पोस्टमध्ये ते लिहायचे राहून गेले.

लॉगवाचक

तर मग जे घडले ते असे. जुन्या धाटणीचे पान सर्व्हर जेव्हा ब्राउझरकडे पाठवतो, तेव्हा त्या पानाची अवस्था व्ह्यूस्टेट नावाच्या लपवलेल्या रकान्यात बांधून तिच्यावर आपल्या किल्लीची मोहोर उठवतो. अर्ज परत आला की ज्या सर्व्हरकडे तो येतो तो आपल्या किल्लीने मोहोर तपासतो. फार्ममधल्या सर्व सर्व्हरांची किल्ली एकच असावी लागते ती याच कारणाने. आपल्याकडे नवी किल्ली पहिल्या सर्व्हरला मिळाली. दुसऱ्याचा टायमर बंद असल्याने आणि डिस्कवर लिहायलाही जागा नसल्याने तो जुन्या किल्लीवरच राहिला. होस्ट्स फाइलीने एकाच सर्व्हरशी बांधले की पान देणारा आणि अर्ज घेणारा एकच असतो, म्हणून चाळीसच्या चाळीस प्रयत्न यशस्वी. लोड बॅलन्सरने पान एकाकडून आणि अर्ज दुसऱ्याकडे नेला की मोहोर जुळत नाही. नुसते वाचणाऱ्यांना आणि नव्या धाटणीची पाने वापरणाऱ्यांना त्रास नाही, कारण तिथे हा व्ह्यूस्टेटचा व्यवहार होत नाही.

लोड बॅलन्सरवर एका वापरकर्त्याला एकाच सर्व्हरशी चिकटवून ठेवण्याची सोय सुरू केली, तर तक्रारी आजच थांबतील. पण तसे करू नका, आणि याचे कारण सोयीपेक्षा मोठे आहे. टूलशेलमध्ये, म्हणजे सीव्हीई-२०२५-५३७७० आणि त्याच्या जोडीच्या ५३७७१ या क्रमांकांच्या सुरक्षा-त्रुटींमध्ये, हल्लेखोर सर्व्हरमध्ये शिरून याच किल्ल्या पळवत होते. किल्ली हाती आली की खोटे व्ह्यूस्टेट खऱ्या मोहोरेसह बनवता येते आणि पॅच बसल्यानंतरही त्या वाटेने सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते. म्हणूनच पॅचबरोबर किल्ल्या बदलण्याचा आग्रह होता. आपल्या दुसऱ्या सर्व्हरवर जुनी किल्ली अजून चालते आहे; ती कधी चोरीला गेली असेल, तर ते दार आठ दिवस उघडे आहे. तक्रारी झाकणे म्हणजे ते दार दृष्टीआड करणे होईल.

आता क्रम, आणि तो मोडू नका. दुसरा वेब सर्व्हर लोड बॅलन्सरमधून आधी बाहेर काढा. लॉगच्या जुन्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा; लगेच पुसू नका, सुरक्षा विभागाला त्या लागू शकतात. ‘क्लिअर-एसपीलॉगलेव्हल’ने नोंदींची पातळी मूळ पदावर आणा, नाहीतर मोकळी केलेली जागा पुन्हा भरेल. मग त्या सर्व्हरची कॉन्फिगरेशन कॅश साफ करा : टायमर थांबलेला असतानाच प्रोग्रॅम-डेटामधल्या शेअरपॉइंटच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये, लांबलचक क्रमांकाच्या उपफोल्डरमधल्या फक्त एक्सएमएल फाइली पुसायच्या. ‘कॅश डॉट आयएनआय’ ही फाइल पुसायची नाही. तिची प्रत काढून आतला आकडा १ करायचा. टायमर सुरू केला की एक्सएमएल फाइली परत जमू लागतात आणि तो आकडा वाढतो. वाढला नाही, तर पुढे जाऊ नका.

त्यानंतरच प्रत्येक वेब ॲप्लिकेशनसाठी ‘सेट-एसपीमशीनकी’ने नवी किल्ली बनवा आणि ‘अपडेट-एसपीमशीनकी’ने ती फार्मभर पोहोचवा. मागच्या वेळची किल्ली पुन्हा पसरवण्यापेक्षा नवीच बनवलेली बरी. मग सर्व सर्व्हरांवर आयआयएस रिसेट करा. या एका जागी ते खरोखर लागते. शेवटी दोन्ही वेब सर्व्हरांवरच्या, किल्ली जिथे लिहिली जाते त्या वेब-कॉन्फिग फाइलींची बदल-वेळ पाहा. आज्ञा त्रुटी देत नाही याचा अर्थ काम झाले असा होत नाही, तिने फक्त टायमरला निरोप दिलेला असतो. आणि त्या फाइलीतला कोणताही मजकूर इथे चिकटवू नका.

शेतमजूर

काल रात्री अकरा वाजता सुरू केले आणि सव्वा वाजता संपले. एक गोष्ट फसली, ती लिहून ठेवतो. एक्सएमएल फाइली पुसताना घाईत मी फोल्डरमधले सगळेच निवडले आणि कॅश डॉट आयएनआय सुद्धा पुसली गेली. प्रत काढलेली होती म्हणून निभावले. ती परत ठेवून आकडा १ केला, टायमर सुरू केला, आणि दोन-तीन मिनिटांत आकडा पाच अंकी झाला.

वेब-कॉन्फिगच्या बदल-वेळांमध्ये दोन सर्व्हरांत मिनिटभराचे अंतर आहे. लोड बॅलन्सरमधून साठ वेळा अर्ज जतन करून पाहिला, एकदाही त्रुटी नाही. १३१६ चा शेवटचा इशारा १२ वाजून ५२ मिनिटांचा, म्हणजे रिसेटच्या आधीचा आहे. हलवलेले लॉग आणि आठ दिवसांचा तपशील सुरक्षा विभागाकडे दिला. त्यांनी लेआउट्स फोल्डरमध्ये अनोळखी एएसपीएक्स फाइली शोधल्या, सापडल्या नाहीत. त्यांचा पुढचा तपास चालू आहे.

एसक्यूएलची_मावशी

छान. आता ‘सेट-एसपीडायग्नोस्टिककॉन्फिग’ने लॉगला जागेची मर्यादा घाला. ती सोय असते, पण आपण सुरू करेपर्यंत बंद असते आणि तिचा मूळ आकडा १,००० जीबी आहे, जो आपल्या सी ड्राइव्हच्या दृष्टीने विनोदच आहे. लॉग दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचे असतील, तर तो मार्ग प्रत्येक सर्व्हरवर सारखाच हवा. एकावर ई ड्राइव्ह आहे आणि दुसऱ्यावर नाही, असे चालत नाही.

दप्तरी

धागा संपत आलाच आहे, तर साधनांविषयीच एक विचारतो. मी एका शिक्षणसंस्थेचे शेअरपॉइंट ऑनलाइन पाहतो आणि ते स्क्रिप्टने हाताळण्यासाठी पीएनपी पॉवरशेल वापरतो. आमच्या याद्यांचे स्तंभ मराठीत आहेत. ‘विभाग’ आणि ‘विभागप्रमुख’ असे दोन स्तंभ असलेल्या यादीतून स्क्रिप्टने माहिती काढली, तर विभागप्रमुखाच्या जागी विभागाचेच नाव येते. ब्राउझरमध्ये मात्र सर्व बरोबर दिसते. साधनाचा दोष आहे का?

लॉगवाचक

दोष साधनाचा नाही, स्तंभाच्या जन्मनावाचा आहे. प्रत्येक स्तंभाला दिसणारे नाव आणि आतले नाव अशी दोन नावे असतात. आतल्या नावात देवनागरी अक्षर तसेच राहत नाही. प्रत्येक युनिकोड चिन्हामागे सात अक्षरांचा संकेत बसतो आणि एकूण नाव ३२ अक्षरांवर छाटले जाते. ‘विभाग’मध्ये काना, वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे ३५ अक्षरे; पाचव्या चिन्हाचा संकेत मध्येच तुटतो. ‘विभागप्रमुख’ची सुरुवातही तीच असल्याने छाटलेले नाव हुबेहूब तेच होते आणि शेअरपॉइंट त्याच्यामागे एक शून्य लावून वेगळेपण राखतो. आपली स्क्रिप्ट ते शून्य विसरली आहे. ‘गेट-पीएनपीफील्ड’ने यादीतल्या सर्व स्तंभांची आतली नावे एकदा छापून घ्या आणि स्क्रिप्टमध्ये तीच वापरा. यापुढे स्तंभ बनवताना आधी छोटे रोमन नाव द्या, जतन करा आणि मग दिसणारे नाव मराठी करा. आतले नाव जन्मभर पहिलेच राहते.

क्लाउडकर

दप्तरी, एक जोड देतो. पीएनपी पॉवरशेलचे सर्वांसाठीचे सामाईक ॲप ९ सप्टेंबर २०२४ रोजी काढून टाकण्यात आले. नव्या मशीनवर जुन्या पद्धतीने लॉगिन होत नसेल, तर आपल्या संस्थेच्या एंट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ओळख-व्यवस्थेत) स्वतःचे ॲप नोंदवावे लागते आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार द्यावे लागतात. मोठ्या याद्यांवर स्क्रिप्ट चालवताना ४२९ (फार विनंत्या झाल्याचा संकेत) आले, तर उत्तरातल्या ‘रिट्राय-आफ्टर’ हेडरमध्ये दिलेले सेकंद थांबावे. लगेच पुन्हा विनंती केली तर अडवणूक लांबते.

दप्तरी

शून्य सापडले. चार याद्यांमध्ये होते, आणि एकीत ‘विभागीय कार्यालय’ या तिसऱ्या स्तंभामागे १ हा आकडाही लागला होता. धन्यवाद.

शेतमजूर

शेवटचे एक सांगायचे राहिले. व्हर्बोज कोणी केले ते शोधले. सर्चची एक तक्रार मार्चमध्ये आली होती, तिच्या नोंदवहीत ‘तात्पुरती पातळी वाढवली’ असे लिहिले आहे. अक्षर माझे आहे.